शर्टाच्या खिशातला कॅमेरा

दर रविवारी सकाळी मखमलाबाद रस्त्यावर तो सायकलवर दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही, इतका मला त्याचा हेवा वाटायचा. त्याचा चपटा कॅमेरा शर्टाच्या खिशात असे. एक पाय जमिनीला टेकवायचा, सायकलवरूनच फोटो काढून मोकळा! माझा थोराड कॅमेरा कॅरिअरवरच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेला. गाठ सोडेपर्यंत खंड्या उडालेला असायचा.

शेवटी मीही तसलाच छोटा कॅमेरा घेतला. तरी झेंडू तोडणाऱ्या बायका माझ्यासमोर पदर सावरून ताठ उभ्या राहत आणि त्याला मात्र हाक मारत, "ओ फोटोवाले भाऊ, माझा काढा ना!"

न राहवून मी म्हणालो, "तुमच्यासमोर बऱ्या हसतात!"

"रोल धुवून आणला की ज्याचा फोटो त्याला देतो," तो म्हणाला. "तुमचाही आहे, मागचा."

त्यानं खिशातून फोटो काढून दिला. मी रस्त्याकडेला वाकून त्या पिशवीची गाठ सोडत होतो, आणि माझ्या डोक्यावरच्या तारेवर खंड्या निवांत बसला होता.

घरी येऊन तो फाडायला घेतला. पण मेला इतका सुरेख आला होता, की फाडवला नाही.