टेपच्या बाई

बाईंनी टेप मध्येच बंद केला तेव्हाच मला कळलं काहीतरी बिनसलंय, कारण बाई आवाज कधी मध्ये तोडायच्या नाहीत, गॅसवर दूध उतू गेलं तरी नाही. टेपमध्ये माझ्या नवऱ्याचा आवाज चालू होता, बाईंचा हात माझ्या पोटावर होता, आणि बाकीच्या बायका म्हणत होत्या, बघा कसं गप्प राहून बापाचं ऐकतंय. बाईंनी हात दुसऱ्या कुशीला ठेवला, मग खाली, मग कान लावला. मग उठून बटण दाबलं.

"वाशीम, चप्पल घाल."

मी म्हटलं, अजून राहिलंय ना बाई.

"आधी चप्पल घाल."

रिक्षात त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की दोन बांगड्या फुटल्या, काचा त्यांच्याच तळहातात गेल्या, तरी सोडला नाही.

वाशीम म्हणजे मी. बाई सगळ्यांना गावावरून हाक मारायच्या. जन्मभर शाळेत गाणं शिकवलेलं, नोकरी संपल्यावर खडकी बाजाराच्या मागे दोन खोल्यांत त्यांनी गरोदर बायकांसाठी क्लास काढला. अकराला सतरंजी पडायची, आम्ही आठ-नऊ जणी भिंतीला टेकून बसायचो, त्या पेटीवर गायच्या आणि मग एकेकीच्या घरची कॅसेट लावायच्या. म्हणायच्या, बाळाला घरातले आवाज आत असतानाच ओळखीचे झाले पाहिजेत, बाहेर आल्यावर परक्याच्या घरी आल्यासारखं वाटू नये. मी नववी नापास, मला तर ते ऐकूनच रडू यायचं, माझ्याशी असं कोण बोललं होतं कधी.

पण बोलणं तिखट. कंप्युटर कंपनीतली एक मॅडम यायची, तिने पोटाला हेडफोन बांधून आणला. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आत्तापासून कॉल सेंटरला लावताय का त्याला? काढा ते." आणि मी उपाशी आले की, "बाळाचा सूर चुकला तर मी बघीन, आईचं जेवण चुकलं तर मी कुठे बघू?" असं म्हणत ताटलीत पोळी-भाजी पुढे सरकवायच्या. पोळी संपेपर्यंत क्लास सुरू नाही.

माझा नवरा कंपनीची गाडी चालवायचा, रात्रपाळीच्या पोरांना घरून आणायचं, घरी सोडायचं, त्याची आणि माझी जागेपणी भेटच नाही. म्हणून बाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि टेपसमोर बसवलं. तो ताठ बसला आणि म्हणाला, "हॅलो, मी संतोष बोलतोय. आपले वडील."

बाई म्हणाल्या, "अहो, साहेबाला रिपोर्ट देताय का? पोराशी बोला." मग तो हळूहळू बोलायला लागला, रस्त्यांची नावं सांगितली, वाघोलीला सिग्नलला किती थांबावं लागतं ते सांगितलं, इतकं तो माझ्याशी पण कधी बोलला नव्हता.

आता ते सांगते जे सांगायचंय. क्लास सुरू व्हायच्या आधी बाई रोज एकेकीला विचारायच्या, काल किती वेळा हाललं? वहीत लिहायच्या. सगळ्या म्हणायच्या दहा, बारा. मी पण म्हणायचे बारा. शेवटचे दोन दिवस बारा नव्हतं, चार पण नव्हतं. पण कमी सांगितलं की सगळ्या वळून बघणार, मॅडम लोक बघणार, आणि बाईच म्हणायच्या की आवाजाने बाळ शांत झालं म्हणजे ऐकतंय. मी घरी दिवसभर कॅसेट लावून ठेवली. वाटलं, माझंच बाळ सगळ्यात हुशार.

दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन दिवस आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. मुलगा होता.

घरचे अजून यायचे होते. मी बाईंना सांगून टाकलं, बाई, मी खोटे आकडे सांगत होते. त्यांनी माझ्या अंगावर चादर ओढली. मग म्हणाल्या, "मला सांगितलंस, बास झालं. सासूला सांगू नकोस. तुला त्या घरात राहायचंय."

नवरा आला, सासू आली. बाई स्वतःच उठून म्हणाल्या, "चूक माझी. मीच हिला म्हटलं होतं, शांत झालं म्हणजे ऐकतंय." सासू सगळ्या वॉर्डासमोर ओरडली, "तुह्या गाण्यानं माह्या नातवाले खाल्लं." बाई हात जोडून उभ्या राहिल्या. मी तोंड भिंतीकडे केलं.

महिनाभरात क्लास बंद पडला. बायकाच येईनात. टेम्पोत बाईंची पेटी चढत होती तेव्हा मी समोरच्या दुकानातून बघत होते, रस्ता ओलांडून गेले नाही. त्या साताऱ्याला बहिणीकडे गेल्या, आणि दोन वर्षांनी तिकडेच वारल्याचं कळलं.

आता मला मुलगी आहे, चालायला लागलीय. नवरा अजून पाहुण्यांना सांगतो, त्या म्हातारीने आमचा पहिला घालवला. मी चहाचे कप उचलते आणि आत जाते. सांगितलं तर ही पोर घेऊन मी कुठे जाणार, आणि नाही सांगितलं तर मेलेल्या माणसाला रोज शिव्या पडतायत. तुम्ही माझ्या जागी असतात तर बोलला असतात का? खरं सांगा.