राखणदाराची विडी

आमचे भाईकाका गावचे गाऱ्हाणे घालणारे. देवळात उभे राहिले की ग्रामदेवतेपासून वेशीवरच्या पिंपळापर्यंत सगळ्यांची नावे एका दमात घेत, आणि मग सगळी वाडी "होय म्हाराजा" म्हणत असे. अशा माणसाच्या फुफ्फुसात गाठ निघावी, ह्याला काय म्हणायचे?

कोल्हापूरला ऑपरेशन झाले. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला. मी त्यांची पुतणी, सोबत होते. डॉक्टरांनी रिपोर्ट समजावला. गाठ लहान असतानाच सापडली, कापलेली कड स्वच्छ आहे, म्हणजे तिथे गाठीचा अंश उरलेला नाही, जवळच्या ग्रंथींत काही पसरलेले नाही. उरलेले फुफ्फुस फुगून रिकामी जागा भरून काढते, असेही म्हणाले.

"परत येणारच नाही असं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "लवकर सापडली हे नशीब. कड स्वच्छ काढणं माझं काम. आता चालणं आणि विडी सोडणं तुमच्या हातात."

काका म्हणाले, "होय म्हाराजा."

ते रोज समुद्राच्या पुळणीवरून चालू लागले. घरात विडी दिसेना. मी गावभर कौतुक सांगत सुटले. आणि एका अमावास्येला सुशीलाकाकीने काकांचा सदरा हुंगला आणि माझ्या हातात दिला. विडीचा वास!

पुढच्या अमावास्येला सकाळी मी त्यांच्या मागोमाग गेले. माडांच्या कडेला राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. त्याला दर अमावास्येला नारळ आणि पेटती विडी ठेवायची आमची रीत. काकांनी विडी तोंडात धरून पेटवली, चांगले दोन झुरके मारले आणि मग दगडावर ठेवली.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. काका उलट माझ्यावरच चिडले. "मी खंय ओढतंय? ती राखणदाराची विडी. ओढल्याशिवाय पेटात कशी?"

म्हणजे धूर देवाच्या छातीत जात होता! कपाळ माझे.

आमचा आवाज ऐकून काकी आली. ती मात्र शांतपणे म्हणाली, त्यालाच गाऱ्हाणे घालून विचारा, निखाऱ्यावर पेटवलेली विडी चालेल का. ती घरून करवंटीचे निखारे घेऊन आली. काका दगडापुढे उभे राहिले.

"बा राखणदारा म्हाराजा, तुजी विडी आजपर्यंत माज्या तोंडान पेटली, आतापासून निखाऱ्यार पेटतली. काय चुकला माकला आसात तर लेकराक सांबाळून घे रे म्हाराजा!"

मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. आम्ही दोघींनीच "होय म्हाराजा" म्हटले.

काकीने नवी विडी निखाऱ्यावर धरली आणि टोक लाल झाल्यावर दगडावर ठेवली. न ओढलेली विडी विझते, हे शेंबडे पोरही सांगेल. विझली असती तर काकांनी ती पुन्हा तोंडात धरली असती, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होते. एवढ्यात समुद्राकडून वारा आला. टोक फुलले, मंदावले, परत फुलले. कोणीतरी सावकाश ओढत बसावे तशी ती विडी दोऱ्यापर्यंत जळत गेली.

काका टाक्यांच्या खुणेवर हात ठेवून हळूच म्हणाले, "तेका माजो दम नकोच होतो गो."