सोमवारी सुरू न होणारी गाडी

माझा थोरला भाऊ अण्णा गेला आणि त्याची गाडी वहिनी चालवू लागल्या. त्यांची शाळा खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका आडगावात आहे. शाळेच्या वेळेला तिकडे बस नाही. अण्णा होता तोवर तो त्यांना सोडून पुढे आपल्या कामाला जायचा. त्याचं दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी किल्ली मागून घेतली आणि एकट्या निघाल्या. गाडी वडगावातल्या आमच्या गल्लीतून वळून दिसेनाशी होईपर्यंत आई दारात उभी होती.

सदलग्याहून त्यांचे वडील येऊन गेले होते. चिकोडीकडे बदली मागून घे, माहेरी राहा, असं त्यांचं म्हणणं. त्यात वावगं काहीच नव्हतं. वहिनी त्यांना म्हणाल्या, "गाडी आहे तोवर जमतंय की इथनं. नाही जमलं तर बघू." हे मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. त्या गेल्या तर घरात आई, मी आणि मागाच्या शेडमधले दोन यंत्रमाग उरणार होते. त्यांतला एक अण्णा गेल्यापासून बंदच होता.

आणि गाडी सोमवारी सुरू होईना.

इतर दिवशी व्हायची; जराशी कुरकुरत, पण व्हायची. सोमवारी किल्ली फिरवली की कट कट आवाज, समोरचे दिवे मंद होत जायचे, आणि मग काहीच नाही. शेजारच्या मागांवरचे लोक हातातलं काम सोडून ढकलायला यायचे. त्यातला एकजण दर खेपेला मला म्हणायचा, "सर, लायब्ररीत नुसतं पुस्तकं सरकवून दंडात बळ येत न्हाय. लावा जोर!" सगळे हसायचे. वहिनीही कसंनुसं हसायच्या आणि घड्याळ बघायच्या. शाळेत उशीर झाल्याबद्दल त्यांना दोनदा बोलणी बसली होती.

बॅटरीवाल्याने तपासून सांगितलं, "बॅटरी लई झकास हाय वो. अल्टरनेटर चार्ज करंना झालाय." अल्टरनेटर दुरुस्त करणाऱ्याने तो खोलला, आतले कार्बन बदलले, पट्टा आवळला. "आता बघा, हत्ती बांधला तरी ओढंल." पुढच्या सोमवारी पुन्हा कट कट. तो म्हणाला, "मग बॅटरीच, दुसरं काय."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "हे दोघं एकमेकांचे पाहुणे तर नसतील?"

अण्णा गेल्यानंतर त्यांनी केलेला तो पहिला विनोद. मला हसू आलं, आणि नंतर बराच वेळ काही वाचवेना.

मला यंत्रातलं कळत नाही. पण कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला पुस्तक शोधता येतं. मोटारीच्या विजेबद्दलचं एक जुनं पुस्तक मी घरी आणलं. मागाच्या मोटारींसाठी अण्णाने घेतलेला वीज मोजायचा मीटर शेडमधल्या खिळ्याला टांगलेला होता. त्याच्या वायरींना अजून त्याच्या हातचं ग्रीस होतं. ते मी पुसलं नाही.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्ट करत गेलो. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी साठली होती. गरम पाणी ओतून ती घासून काढली. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी मीटरवर साडेबारा व्होल्टच्या जरा वर दाखवते. सोमवारी सकाळी आमची बाराच्याही खाली असायची. ढकलून गाडी सुरू केली की आकडा चौदाच्या पुढे जायचा. हेडलाइट, पंखा, सगळं लावलं तरी फारसा उतरायचा नाही. म्हणजे अल्टरनेटर भरत होता. मग एका शनिवारी बॅटरी पुरती भरून घेतली आणि तिची वायर काढून ठेवली. सोमवारी ती जशीच्या तशी भरलेली निघाली. म्हणजे बॅटरीही धरून ठेवत होती. भरणारा ठीक, साठवणारी ठीक. वायर जोडलेली असताना मधेच कुणीतरी थोडं थोडं पीत होतं. कामाच्या दिवशी जाण्यायेण्यात ते भरून निघत होतं. रविवारी गाडी उभी असायची, म्हणून सोमवारी खडखडाट.

काय पितंय ते शोधायचं तर बॅटरी आणि तिची वायर यांच्या मधे मीटर जोडायचा आणि आकडा बघायचा. एका रविवारी दुपारी मी तो जोडला. किरकोळ आकडा आला. घड्याळाला लागतं तेवढा. एकेक फ्यूज काढून पाहिला, काही फरक नाही. गाडी निर्दोष होती. दिवस मावळेपर्यंत मी बॉनेट उघडं ठेवून मागाजवळ स्टुलावर बसून राहिलो. मग चहा घ्यायला आत गेलो.

परत आलो तेव्हा आई गाडीवर झाकण ओढत होती. जुन्या ताडपत्रीचं ते झाकण रोज संध्याकाळी घालायचं आणि पहाटे काढायचं काम तिने आपणहून घेतलं होतं. आम्हाला वाटायचं, पोराची गाडी म्हणून करते.

"बानेट मिट की रं. झाकू दे."

मी मीटर काढायला वाकलो, तर आकडा चढलेला. दुपारच्या कितीतरी पट. दार नीट लागलं नसेल म्हणून ताडपत्री बाजूला केली. दारं सगळी बंद होती. आत छताचा छोटा पिवळा दिवा लागलेला होता. त्याचा उजेड पुढच्या रिकाम्या सीटवर पडला होता.

"आई, हा दिवा..."

"ऱ्हाऊ दे."

"तू लावतेस? रोज?"

ती ताडपत्रीची दोरी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "दिवा कुठं लावत्यात? जितं जीव गेला तितं. आपण लावला मधल्या खोलीत."

"अण्णा दवाखान्यात..."

"डाक्टरनं सांगितलं म्हणून दवाखान्यात गेला व्हय रं? गेटात गेला त्यो. माझ्या हातात गेला."

त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. दिवेलागणीची वेळ होती आणि रेल्वेचं गेट पडलं होतं. पुढच्या गाड्यांनी इंजिनं बंद केली तसं मीही केलं. अण्णा बाजूच्या सीटवर, सीट मागे पाडलेली. मागे बसलेल्या आईने त्याचं डोकं धरलेलं. "दिसंना झालंय," म्हणत तिनेच हात लांब करून छताचा दिवा लावला होता. मालगाडी बराच वेळ जात होती. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं, म्हणून दवाखान्यात गेला असंच आम्ही सगळ्यांना सांगितलं, आणि घरी येऊन मधल्या खोलीत पिठावर समई ठेवली.

"गाडीत वात पेटवली तर आग लागंल," आई म्हणाली. "म्हणून ह्यो लावते. पहाटं घालवते. मदी दोन रात्री लागलाच न्हाय त्यो. कुणाला काय तरास हाय त्याचा?"

तेव्हा मला बॅटरीचं सांगावं लागलं. ती नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे ती उशिरा पोचते ती माझ्यापायी?"

दुसऱ्या दिवशी मी सेलवर चालणारा एक दिवा आणला. तिने तो देव्हाऱ्यापाशी ठेवला, गाडीत नेला नाही. "डोळं उघडं हुतं तवा त्येनं गाडीतला दिवा बघितला. ह्यो त्याच्या वळखीचा न्हाय."

पुस्तकातला एक उपाय उरला होता. इंजिन चालू असलं की दिव्याची वीज अल्टरनेटर देतो, बॅटरीला हात लागत नाही. मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी शाळेतून आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं नाही. मागचं दार उघडून आईला म्हणाल्या, "या अत्ती, बसा." आई त्या दिवशी जिथे बसली होती तिथेच बसली. वहिनींनी दिवा लावला. मी बाहेर उभा होतो. इंजिनाच्या थरथरीने छताचा दिवाही किंचित थरथरत होता. वहिनींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि त्या बाजूच्या सीटकडे बघत नव्हत्या.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "बंद कर गं. त्या वक्ताला इंजन बंद हुतं."

वहिनींनी किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. शेजारचे माग तेवढे चालू होते. दिवा अजून लागलेला होता. आई त्याच्याकडे वर बघत बसली. मग तिने हात लांब केला आणि स्वतःच तो घालवला.

"तुला सकाळी शाळा हाय," ती वहिनींना म्हणाली.

त्यानंतर तिने तो लावला नाही. गाडी सोमवारीही पहिल्याच किल्लीला सुरू होते. सदलग्याहून फोन येतात. बदलीचं काय, असं विचारतात. "बघू," असं वहिनी सांगतात आणि वेळेवर निघून जातात. आई संध्याकाळी ताडपत्री घालते. पूर्वी त्या कामाला तिला वेळ लागायचा, आता लागत नाही.

सोमवारी वहिनी निघण्याआधी मी अजून मीटर लावून बघतो. त्याची आता गरज नाही. आकडा दर वेळी साडेबाराच्या वर असतो. रात्रीत बॅटरीतून कुणी काही घेतलेलं नसतं.