दोनातोनं काढलेली दाढ

मातेरा शहराच्या पलीकडल्या डोंगरगावात दोनातो लाविओला नावाचा माणूस दातांच्या कवळ्या बनवायचा. कायद्यानं त्याला तेवढंच करता येत होतं. माणसाच्या तोंडात हात घालायला डॉक्टरकीचा परवाना लागतो. पण गावातले म्हातारे दंतवैद्य वारले आणि दुखरे गाल घेऊन लोक त्याच्याकडे येऊ लागले. त्याचा हात हलका होता. लोक ‘डॉक्टर’ म्हणू लागले, त्यानं कधी अडवलं नाही. अशी अठरा वर्षं गेली.

मग त्यानं इनकोरोनाताबाईंची दाढ काढली. बाई शाळेत त्याच्याच शिक्षिका होत्या. दोन दिवस रक्त थांबेना, शेवटी त्यांना शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. आठवड्यानं आरोग्यखात्याच्या तपासनीस बाई दारात उभ्या राहिल्या.

सगळं गाव धावलं. “हा? हा नुसत्या कवळ्या करतो!”

“मग ही दात काढायची खुर्ची?”

“माझी आहे,” न्हावी म्हणाला. “जागा नाही, म्हणून इथं ठेवलीय.”

इनकोरोनाताबाईही आल्या. “दाढ मीच काढली. दोरा बांधून.”

“दोऱ्यानं? अक्कलदाढ?” तपासनीस बाईंनी विचारलं. लोक खो खो हसले.

दोनातोला हसू आलं नाही. इनकोरोनाताबाईंच्या गालापासून गळ्यापर्यंत रक्त साकळून काळंनिळं झालं होतं. त्याची मान वर होईना.

“मी काढली,” तो म्हणाला. “रक्त पातळ करायच्या गोळ्या घेता का, हे विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.”

खुर्ची जप्त झाली, खटला झाला, शिक्षाही झाली. गाव त्याच्यावरच चिडलं. एके दिवशी इनकोरोनाताबाई तरातरा त्याच्या दुकानात शिरल्या.

“गाढवा, चारचौघांत मला खोटं पाडलंस! मी तुला वाचवायला आले होते ना?”

“त्याचीच लाज वाटते, बाई. तुम्ही मेला असतात, तरी गावानं मलाच वाचवलं असतं.”

“मी… मेले असते?”

“हो.”

बाईंनी कवळ्यांच्या टेबलाची कड धरली. म्हणाल्या, “इस्पितळातले सांगत होते. मला वाटलं, उगाच घाबरवतायत. म्हटलं, आपल्या दोनातोनं काढलीय, काय होणार?”

दोनातोनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.