चाळिसाला एक उणा

आरिकेबाईंनी जन्मात कुणाचं ऐकलं असेल तर ते मुलांचं. हेडमास्तरांचं ऐकायची वेळ आली की त्यांना नेमका खडू आणायला जायचं असे.

अबेओकुटाच्या त्या शाळेत आम्ही वीस शिक्षक होतो. मराठी मुलखातून समुद्रापार तिथे शिकवायला गेलेली मी तिसरी सांभाळायचे, त्या सहावी, आणि मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळे त्यांचा गणिताचा तास माझ्या वर्गालाही फुकटात मिळायचा. बेताची उंची, डोक्याला कडक इस्त्री केल्यासारखं बांधलेलं फडकं, आणि आवाज असा की पलीकडच्या गॅरेजमधला माणूस हातोडी खाली ठेवून ऐकत बसे. त्या गॅरेजवाल्याचा मुलगा त्यांच्याच वर्गात. त्याला अपूर्णांक पान्याच्या मापांवरून शिकवलेले. पिठाचे तळलेले गोळे विकणारीची मुलगी होती, तिला पीठ आणि पाणी यांचं प्रमाण. गोलकीपर पोराला चेंडू कुठून आला तर कुठे उभं राहायचं ते विचारून कोन शिकवले. धडा एकच, पण प्रत्येकाला आत शिरायचं दार वेगळं.

हेडमास्तर सोकुन्बी यांना हे बघवत नसे. शिस्तीचा माणूस, मनाने वाईट नव्हे, पण शाळेच्या निकालापुढे त्यांना दुसरं काही दिसत नसे. एकदा दारात उभं राहून ते म्हणाले, "बाई, चाळीस मुलांना चाळीस गणितं? ही शाळा आहे की बाजार?"

"बाजारच आहे, सर," बाई म्हणाल्या. "तुमच्या मंडळी इतोकूच्या बाजारात जातात तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांशी एकच वाक्य बोलणारी दुकानदारीण कधी भेटली का, विचारा त्यांना."

सगळा वर्ग खाली मान घालून हसला. भिंतीपलीकडे मीही हसले, खोटं कशाला बोलू.

त्याच वर्षी अबेनी आली. आजीच्या खेड्यात वाढलेली, शाळा कशीबशी पाहिलेली, पण वय बघून थेट सहावीत बसवलेली. आई शाळेमागेच कापडं रंगवायची. अबेनीचे हात कोपरापर्यंत निळे, धुतले तरी तसेच. बाईंनी पहिल्याच दिवशी आकडे तोंडी सांगितले आणि पाटीवर लिहायला लावले. सोळा म्हटल्यावर अबेनीने लिहिलं चारशे वीस. मुलं खो खो हसली. हेडमास्तर नेमके तेव्हाच व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी पाटी पाहिली आणि जागच्या जागी ठरवून टाकलं की ही पोर दगड आहे. आमच्या मराठी मुलखात चारशे विसाचा अर्थ आणखीनच वाईट, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

आरिकेबाई हसल्या नाहीत. त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या. "असं का लिहिलंस गं, पोरी?"

"तुम्हीच म्हणालात, बाई. चार कमी वीस. आधी चार लिहिले, मग वीस."

आणि खरंच की. तिथल्या योरुबा भाषेत सोळाला म्हणतातच तसं, चार आधी आणि वीस मागून, म्हणजे विसाला चार कमी. बाकीची मुलं लहानपणापासून शाळेत घोकून घोकून तो शब्द ऐकायचीच विसरली होती. ही एकटी ऐकत होती. एकोणतीस, एकोणपन्नास म्हणत लहानाची मोठी झालेली मी, माझ्याही हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

बाईंनी तिचं दार तिथेच शोधलं. उण्यावरून अधिकाकडे नेलं तिला. गुणाकार विसाच्या पाढ्याने करायचा आणि जास्तीचं काढून टाकायचं. भागाकार कापडाच्या घड्यांवरून. वर्ष अर्धं झालं तेव्हा पोर पुस्तकातली रीतही करायला लागली, फक्त मनातून आपल्या रीतीने ताळा करून घ्यायची.

सहावीच्या शेवटी सरकारी परीक्षा. ती पास झाली तरच मोठ्या शाळेत प्रवेश, नाहीतर अबेनीचे हात जन्मभर निळे. निळ्या हातांत वाईट काही नाही, तिची आई त्यात उस्ताद होती. पण ते पोरीने ठरवायचं होतं, हेडमास्तरांनी नाही. त्यांनी मात्र परस्पर अबेनीच्या आईला निरोप धाडला की मुलगी कच्ची आहे, यंदा परीक्षेला बसवत नाही, शाळा तपासायला साहेब येतील त्या दिवशी घरीच ठेवा. एका पोरीपायी शंभर टक्के निकाल कशाला घालवायचा, हा त्यांचा हिशोब. आरिकेबाई तीनदा त्यांच्या खोलीत जाऊन भांडल्या. मग बोलायच्या थांबल्या. त्या गप्प झाल्या की मला जास्त भीती वाटायची.

तपासणीला शोदेइंदे नावाचे साहेब आले. ते याच गावचे. सहावीच्या वर्गात हेडमास्तर इंग्रजीत मोठ्या ऐटीने म्हणाले, "थर्टी-नाइन, सर. एकूण एक मुलं परीक्षेला बसताहेत."

आरिकेबाई वर्गाकडे वळल्या. "मुलांनो, साहेब आपल्या गावचे आहेत. आकडा घरच्या भाषेत सांगा."

वर्ग एका आवाजात म्हणाला, "चाळिसाला एक उणा."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि तो एक कुठे आहे?"

इंग्रजी आकड्यात अबेनी नव्हती, योरुबा आकडा तिला विसरू देत नव्हता.

"मागे, निळीच्या माठांपाशी," बाई म्हणाल्या. "घरी बसवलीय तिला."

साहेबांनी बोलावल्यावर अबेनी आली ती ओल्या निळ्या हातांनीच. साहेबांनी एकोणीस साते विचारले. सात विसा एकशे चाळीस, त्यातून सात गेले, एकशे तेहेतीस, असं ती पुटपुटली आणि उत्तर देऊन मोकळी झाली. साहेब म्हणाले, ही रीत पुस्तकात नाही.

"पुस्तकातलीही येते तिला. हवी तर विचारा," बाई म्हणाल्या. "पण आधी ही का नको, ते मला सांगा."

साहेबांनी पाटी अबेनीपुढे सरकवली. पुस्तकातली रीत विचारली, पोरीने तीही करून दाखवली. मग ते हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, "नाव घाला हिचं."

हेडमास्तरांनी नाव घातलं आणि महिन्याच्या आत आरिकेबाईंच्या बदलीचा हुकूम आला, पार खाडीकाठच्या शाळेत. हेडमास्तरांनी मला मध्यस्थ केलं. पाहुण्यांसमोर वरिष्ठांना उघडं पाडलं याची माफी मागा, बदली रद्द करवतो. मी निरोप घेऊन गेले तेव्हा बाई फडकं सोडून पुन्हा बांधत होत्या.

"माफी चुकीबद्दल मागतात," त्या म्हणाल्या. "पोर परीक्षेला बसणार ना? मग कुठेही पाठवा मला. पोरं तिथेही असतीलच."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. निकाल लागला, अबेनी पास झाली, गणितात तर चांगल्या गुणांनी. बक्षिसाच्या दिवशी हेडमास्तरांनी तिलाच पाहुण्यांपुढे उभं केलं. ही आमची खेड्यातून आलेली मुलगी, बघा शाळेने कुठवर आणली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून लाडाने विचारलं, "सांग बाळ, पाहुण्यांना सांग, आपल्या शाळेत शिक्षक किती?"

अबेनीने आम्हा शिक्षकांच्या रांगेकडे पाहिलं. इंग्रजी आकडा तिला येत होता. आवाज चढवून ती घरच्या भाषेत म्हणाली, "विसाला एक उणा."