पडीक घरातली बाई

"तुमचं कशाचं गाव? जिथं ऊस तिथं तुमचं गाव."

ग्रामसेवक असं म्हणाला आणि ऑफिसातले चौघेही हसले. सरपंचबाईंचा नवरा बाईंच्या खुर्चीत बसला होता, तो सगळ्यात जास्त हसला. मी दारातच उभी होते. आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं. हातात पिशवी, पिशवीत बारावीचं मार्कशीट. चपला मी बाहेर काढून ठेवल्या होत्या. आत सगळ्यांच्या पायात बूट. चपला काढ असं मला कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच काढल्या. त्याचा राग अजून येतो, आणि तो माझा मलाच येतो.

मी रहिवासी दाखला मागायला गेले होते. आमच्या तांड्यावरच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती. बाई बारावी पास पाहिजे आणि त्याच गावची कायम रहिवासी पाहिजे, अशी अट. तांड्यावर बारावी झालेली सून मी एकटीच. ही जागा मिळाली असती तर माझा ऊस सुटला असता.

दहा वर्षं झाली. दसरा झाला की आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला कारखान्याकडे जातो आणि उन्हाळा लागला की परत येतो. तिकडे उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. त्या फळीवरून एकदा पाय घसरला आणि माझं पोटातलं लेकरू गेलं. कुणी कीव करावी म्हणून हे सांगत नाही. थकले होते, एवढंच सांगायचं आहे.

ग्रामसेवकानं रजिस्टर उघडलं. आमच्या घरापुढं शेरा होता: पडीक, कायम बंद.

घर पडीक कसं झालं ते ऐका. तांडा सोडताना आम्ही नुसतं कुलूप लावत नाही. दाराच्या फटी शेणामातीनं लिंपून घेतो आणि पुढं बाभळीच्या काट्या रचतो. उंदीर, साप, कुत्री आत जाऊ नयेत म्हणून. सासू करत होती, मी करते, सगळा तांडा करतो. घरांची पाहणी करणारा माणूस आला तो ऐन हंगामात. त्यानं लिंपलेलं दार पाहिलं, काट्या पाहिल्या आणि लिहून मोकळा झाला. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला सांगितलंही, "साहेब, माणसं हायेत, उसाला गेलीत." म्हाताऱ्याचं कोण ऐकतं?

दुसरी अडचण आधार कार्डाची. कार्ड काढायचं शिबीर कारखान्यावरच भरलं होतं. मशीनवाला म्हणाला, आत्ता जिथं राहता तो पत्ता सांगा. आम्ही खरा तोच सांगितला. त्यामुळे माझ्या कार्डावर कारखान्याचा पत्ता आहे, जिथं आता माझ्या कोपीचा खड्डासुद्धा शिल्लक नसेल.

"साहेब, मतदानाचं कार्ड हाये की इथलं," मी म्हणाले.

"त्यानं चालत न्हाई. गावातल्या दोन माणसांच्या सह्या आण. तांड्यातल्या नको."

निवडणुकीला हेच लोक कारखान्यावर गाडी पाठवतात. रात्रभर प्रवास करून आम्हाला आणतात, बोटाला शाई लागली की परत नेऊन सोडतात. त्या एका दिवसापुरते आम्ही अगदी कायम रहिवासी असतो. मी मान खाली घालून चपला घातल्या आणि निघाले.

गावात सह्यांसाठी चार घरी गेले. एकानं उद्या ये म्हटलं. एकीनं दारातूनच विचारलं, "खुरपायला कधी येतीस?" सही कुणीच दिली नाही. ज्यांच्या रानात माझा सासरा आयुष्यभर राबला, त्या घरच्या मालकाला माझी ओळख पटेना. भर उन्हात परत येताना मला रडूही आलं नाही, इतका कंटाळा आला होता.

अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सरपंचबाईंच्या नवऱ्यानं निरोप पाठवला. गेले. या वेळी त्यानं खुर्ची दिली, चहासुद्धा सांगितला. टाइप केलेला कागद पुढं सरकवला.

"हितं सही कर, लगेच दाखला घेऊन जा."

मी वाचायला लागले.

"वाचून काय करतीस? सही कर."

मी वाचला. आम्ही ऊसतोड मजूर असून सदर ठिकाणी ग्रामपंचायतीच्या परवानगीने तात्पुरते राहतो, घराच्या जागेवर आमचा कोणताही हक्क नाही, असं लिहिलेलं होतं. खाली माझं आणि नवऱ्याचं नाव.

खोटं कशाला बोलू, मी सही करणार होते. पेन हातात घेतलं होतं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर त्या कागदावर आहे. एक सही, मग दाखला, मग नोकरी, मग ती फळी नाही, मोळी नाही. तात्पुरते तर तात्पुरते, असं मनात आलं. मग सासरा आठवला. सासऱ्यानं ते घर हातानं बांधलं. माझा नवरा त्यात जन्मला. माझ्या सहीनं सासरा मेल्यानंतर स्वतःच्याच घरात पाहुणा होणार होता. आणि माझ्यामागून तांड्यावरच्या प्रत्येक घराला हाच कागद दाखवणार होते.

मी पेन ठेवलं. कागदाची घडी घालून पिशवीत टाकली.

"हा कागद मी घेऊन जाते. आन् दाखला देत न्हाई, असं तुमी लिहून द्या."

"लै शानी झालीस."

"व्हय."

लिहून त्यानं दिलं नाहीच. मग मीच अर्ज लिहिला, दाखला नाकारला म्हणून. पोच मिळेपर्यंत ऑफिसच्या पायरीवर बसून राहिले. कुलूप लावायच्या वेळी ग्रामसेवकानं शिक्का मारला.

जागा गेली. सरपंचबाईंची पुतणी लागली. ती हिंगोलीत राहते, स्कूटीवर येते आणि बाराच्या आत परत जाते. तिच्याकडे कायम रहिवाशाचा दाखला आहे. मी औंढ्याला पंचायत समितीत तक्रार दिली, सोबत त्या कागदाची झेरॉक्स जोडली. चौकशी करू म्हणाले. चार वेळा जाऊन आले, चारही वेळा तेच म्हणाले.

आता मुकादम आला आहे, हंगामाच्या जोड्या ठरवायला. आमच्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. बाई नसली तर कोयता मोडतो, एकट्या गड्याला कुणी नेत नाही. मी येणार नाही म्हणाले.

नवरा म्हणाला, "काहून अडून राहिलीस? जागा तर गेली."

"घर जायचं राहिलंय," मी म्हणाले.

दोन दिवसांनी तो जवळा बाजार गावाला जाऊन कापसाच्या गाड्या भरायचं काम विचारून आला. यंदा पोटापाण्याची तकलीफ होणार, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

दसऱ्यानंतर तांडा रिकामा होईल. म्हातारी माणसं आणि आम्ही, एवढेच उरू. पाहणीवाला पुन्हा येईल तेव्हा मी त्याच्याबरोबर दारोदार फिरणार आहे. घर कुणाचं, माणसं किती, परत कधी येणार, हे त्याला एकेका दारापुढं लिहायला लावणार आहे. शेवटी ते रजिस्टर मी स्वतः वाचणार. आणि ते वाचून होईपर्यंत त्याला तांड्याबाहेर जाऊ देणार नाही.