गुरुवारी गाळलेली नोटीस

वाचून दाखवता दाखवता तुम्ही कधी एखादी ओळ मुद्दाम गाळली आहे का? मी गाळली आहे. तारापूरच्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी तीन ते चार या वेळात बायकांचा तास असे. मी मॅट्रिक झालेली, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. तिथले किस्से रद्दीसारखे साठत गेले. बांधून ठेवायला घ्यावेत, तर वरचा कागद वाचायचा मोह होतोच!

*

तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं. माझे यजमान तिथे स्टोअरमध्ये होते. वाचनालयाचे चेअरमन नानासाहेब, सज्जन माणूस. त्यांची अट एकच: "इथे राजकारण नको."

म्हणून पहिल्या गुरुवारी मी राजाची गोष्ट घेतली. राजाने सात मजली महाल बांधला, इथवर आले. तोच जानकी बोलली. जानकी म्हणजे बोंबील सुकवून विकणारी, सगळ्यांत थोरली.

"बाय, दगड कोनी उचलला ते नाय लिवलं?"

"राणीने उचलला असंल!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. महाल तसाच राहिला!

*

नानासाहेब म्हणाले, "पाककृती वाचा. त्यात कसलं आलंय राजकारण?"

बासुंदी काढली. 'दोन वाट्या साखर घ्यावी' एवढंच वाचलं.

"कुठल्या दुकानातून घ्यावी, ते पन लिवलंय काय?" जानकीने विचारलं.

मग रेशनच्या रांगेवर जे सुरू झालं, ते पाच वाजेपर्यंत! पुढच्या मीटिंगनंतर मिनिट बुकात नोंद आली: 'पाककृती वाचल्याने असंतोष पसरतो. सबब बंद.'

*

पुरुषांकडे तर दोन पेपर येत. एक सरकारच्या बाजूचा, एक विरोधातला. दोन्ही आपापल्या स्टँडला दोरीने बांधलेले. पहिल्यापाशी दामूअण्णा बसत, दुसऱ्यापाशी गोविंदभाऊ. रोज वाद.

दिवाळीच्या झाडलोटीत शिपायाने दोन्ही पेपरांची अदलाबदल केली आणि पुढे रोज तसेच बांधत राहिला. नेहमीची जागा सोडायला कोणीच तयार होईना! होळीपर्यंत दामूअण्णा सरकारला शिव्या घालू लागले आणि गोविंदभाऊ सरकारची बाजू घेऊ लागले. वाद मात्र रोजच्या रोज.

मी हे यजमानांना हसून सांगितलं. ते म्हणाले, "आणि तू? आपल्या घरी कुठला पेपर येतो?"

मी चहा टाकायला उठले.

*

आता नोटिशीचं. एका गुरुवारी पेपरात आतल्या पानावर जाहीर नोटीस होती. किनाऱ्यावरच्या बोंबील सुकवायच्या जागेतून रस्ता काढायचा आहे, हरकत असल्यास तीस दिवसांत पालघरच्या कचेरीत लेखी द्यावी. नानासाहेब दारातच उभे होते. मी पान उलटलं आणि लोकरीच्या विणकामाचा लेख वाचला. न वाचण्यात कसलं राजकारण, असं तेव्हा मला वाटलं.

वाचनालयाची रद्दी महिनाअखेरीस सुकी मासळी बांधायला जायची. पुढे एका गुरुवारी जानकी आली ती हातात चुरगळलेला, वासाचा कागद घेऊन. सोबत तिची सून यमुना, चौथी शिकलेली.

"बाय, हे आमच्या सुनेनं पुडी बांधताना वाचलं. तू नाय वाचलंस."

"राहून गेलं," मी म्हणाले.

"आता वाच."

नानासाहेब खुर्चीवरून उठले. "वहिनी, हे राजकारण होतंय."

जानकी त्यांच्याकडे वळली. "नानासाहेब, बोंबील तुमच्या गच्चीवर सुकवू?"

मी नोटीस वाचली, पहिल्या शब्दापासून तारखेपर्यंत. तीस दिवस दुसऱ्या दिवशी संपत होते. नानासाहेब छत्री घेऊन निघून गेले. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सतरा जणी पहिल्या एसटीने पालघरला गेलो. कचेरीच्या पायरीवर बसून मी हरकतीचा अर्ज लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. अंगठे उठवायच्या आधी जानकीने तो माझ्या हातातून घेतला, यमुनेकडे दिला आणि म्हणाली, "आता तू वाच."